चंदनाचा हार
इथल्या एडिसन गावातल्या भारतीय दुकानात चंदनाच्या हारांचा वास आला आणि आमच्या मराठी मंडळाच्या त्या नाटकाचा संताप पुन्हा उसळला. केपटाऊनमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या एका काकूंनी ते तिथल्या आफ्रिकान्स भाषेतून थेट मराठीत आणलं होतं. त्यातला नवरा रोज घरी जेवायला बसतो, मुलांवर ओरडतो, आणि तो केव्हाच वारलाय हे प्रेक्षकांना अगदी शेवटी, बायको त्याचं न उष्टावलेलं ताट उचलते तेव्हा कळतं. "तिकडे प्रत्येक प्रयोगाला त्या क्षणी थिएटर गार पडायचं," काकू तालमीत सांगायच्या. रंगमंचावरचं सामान माझ्याकडे होतं. टेबल, खुर्च्या, ताटं, सगळं लावून मी चहाला गेले. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, तर भिंतीवर त्या नवऱ्याचा फोटो आणि फोटोला चंदनाचा हार! नवरा दारातून आत येताच पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं, हा तर गेलेला आहे!" फोटो अध्यक्षांनी लावला होता. "लोक कन्फ्यूज झाले असते यार," ते विंगेत म्हणाले, "आता सगळ्यांना समजलं." "हो, सुरुवातीलाच," काकू एवढंच बोलल्या. शेवटी ताट उचललं गेलं तेव्हा निम्मे लोक गाडीच्या किल्ल्या शोधत होते. ते नाटक पुन्हा कोणी केलं नाही. गेल्या आठवड्यात काकू गेल्या, आणि त्यांच्या फोटोसाठी हार आणायला याच अध्यक्षांनी आज मला पाठवलंय. मी हार न घेताच दुकानातून निघाले. शोकसभेनंतर जेवण आहे. तिथे सगळ्यांबरोबर काकूंचंही ताट मांडणार आहे. होऊ देत लोक कन्फ्यूज.