राखाडी गाडीच्या आतले रंग

दिगंबर खोत गेल्याची बातमी मला फोनवर मिळाली, तीही आमच्याबरोबर रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या सावंतांकडून. बातमी सांगून श्वासही न घेता ते म्हणाले, "शोकसभेत गाड्यांबद्दल मी बोलेन, दामले. तुम्ही कारखान्याबद्दल बोला." माणूस अजून घरातच होता आणि इथे त्याची वाटणी सुरू झाली होती... मी तेव्हाच सावध झालो.

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. खोतांच्या फोटोशेजारी सावंतांनी आपली पिवळी रिमोटची गाडी आणून ठेवली होती. ती कशासाठी, हे मला कळेना. सभा त्यांची नव्हती. ते म्हणाले, "खोतांना गाडी रंगवणं कधी जमलं नाही. त्यांची गाडी शेवटपर्यंत प्रायमरवरच राहिली. पण मन मोठं! माझी ही गाडी पाहून पहिली शाबासकी त्यांनीच दिली." लोक हसले, मग हळहळले. आता काही आठवडे लोटले आहेत आणि तीच कथा सोसायटीत खरी म्हणून फिरते आहे. म्हणून हा लेख.

ऐंशीच्या दशकात खोत आणि मी रबाळ्याच्या एका कारखान्यात होतो. तिथे विजेची पॅनेले बनत. खोत रंगखात्याचा प्रमुख, मी तपासणीला. त्याने रंगवायचे आणि मी संशयाने पाहायचे, अशी आमची मैत्री. पत्र्यावर आधी राखाडी प्रायमर, मग रंग, हा त्याचा धर्म होता. "प्रायमरशिवाय रंग म्हणजे बनियनशिवाय कोट," तो म्हणायचा.

त्याच्या बोटीवरच्या मेहुण्याने रिमोटच्या गाडीचे सुटे भाग आणून दिले. त्यात गाडीची बॉडी म्हणजे पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे कवच होते. ते आतून रंगवायचे असते. म्हणजे गाडी कितीही आपटली तरी बाहेरून रंग खरवडत नाही. सोबतचा कागद जपानी भाषेतला. चित्रांवरून समजेल तेवढे समजायचे. कारखान्यातला भलाथोरला स्प्रेगन चालवणारा खोत पेनाएवढ्या एअरब्रशपुढे अगदी नवशिका ठरला. धुतलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर तो सराव करी. रंग जास्त पातळ झाला की रेषेला कोळ्यासारखे पाय फुटत. घट्ट झाला की टोक तुंबे.

"हत्तीला अंघोळ घालणाऱ्याला मुंगीचे दात घासायला बसवलंय रे दामल्या!" तो वैतागून म्हणाला होता.

पण हात बसला. मग त्याने बॉडीला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवले, काचांच्या जागा टेपने झाकल्या आणि आतून रंगकाम केले. नारिंगी, पांढरा, काळा. दारांवर केसासारख्या रेषा. गॅलरीत बसून ते काम मी डोळ्यांनी पाहिले आहे, ऐकीव सांगत नाही. सगळे वाळल्यावर त्याने वर्तमानपत्र सोडवले... आणि गाडी बाहेरून नखशिखांत राखाडी निघाली.

आतून रंगवताना जो थर पहिला बसतो तोच बाहेरून दिसतो. खोताने, सवयीप्रमाणे, सर्वांत आधी प्रायमर मारला होता. बाकीचे सगळे सुंदर काम त्या प्रायमरच्या मागे कायमचे दडले. थिनरने पुसावे तर प्लास्टिकच विरघळले असते.

खोतवहिनी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अहो, ही तर गच्चीवरची पाण्याची टाकी!"

खोत बॉडी उजेडात धरून निरखू लागला. मग म्हणाला, "प्रायमर मात्र एकसारखा बसलाय."

तीच गाडी त्याने रविवारी बेलापूरला पळवली. कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. रुंद नवे रस्ते ओस पडलेले असत. सरकारी नोकरीतले सावंत तिथे आमच्यात आले. त्या गाडीची बॅटरी बदलायची तर बॉडी उतरवावी लागते आणि बॅटरी बदलण्याची सावंतांना फार हौस. म्हणजे आतले रंग त्यांनी अनेकदा पाहिले होते. तरीही ते सभेत 'प्रायमरवरच राहिली' म्हणतात, याला विसरणे म्हणावे असे मला वाटत नाही.

पुढे सावंतांची पिवळी गाडी अवतरली. सावंतांच्या हातात एअरब्रश मी कधी पाहिला नव्हता. खोताला विचारले तर तो म्हणाला, "सावंत म्हणतात ना त्यांनी रंगवली? मग झालं तर."

झाले नव्हते. म्हणून सभेत मी उठलो आणि टेबलावरची पिवळी गाडी सर्वांसमोर उचलली. बॉडी उतरवून उलटी केली. आत, पिवळ्याच्या मागे, आमच्या पॅनेलचा राखाडी प्रायमर होता. पिवळा उजळ दिसावा म्हणून त्यामागे पांढरा द्यावा, हे त्या जपानी कागदावर चित्राने दाखवलेले होते. क्रम उलटा आहे हे शिकल्यावरही, निदान शेवटी तरी, प्रायमर मारल्यावाचून ज्याला चैन पडले नसते असा माणूस मला एकच ठाऊक आहे.

"सगळेच मारतात," सावंत म्हणाले.

"कोण सगळे? नाव सांगा."

"दामले, ही शोकसभा आहे!"

मला हात धरून खाली बसवण्यात आले. काहींनी मला वयाचा भ्रम झाल्याचेही ठरवले.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. शोकेसमध्ये राखाडी बॉडी होती. मी सरळच विचारले, "वहिनी, सावंतांची गाडी दिगंबरने रंगवली की नाही?"

त्या म्हणाल्या, "भावजी, मला विचारू नका. ह्यांनी शब्द दिला होता."

कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. मलाही पुढे विचारावे लागले नाही... मी शोकेस उघडून बॉडी बाहेर काढली आणि आतले रंग वर येतील अशी उलटी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत एकदा. वहिनींनी पाणी आणले, पेला माझ्या हातात दिला आणि बॉडी पुन्हा होती तशी केली, राखाडी बाजू वर.

"राहू दे. ते अशीच ठेवायचे."

मी वाद घातला नाही. त्या घरात खोताचा शब्द पाळला जाईल, आणि तो जावा. मी मात्र कोणालाही शब्द दिलेला नाही.