आईने घासलेला अण्णांचा रुपया

मंडळी, आज सकाळी आमच्या मुलुंडच्या घरात माझी पार वाट लागली होती.

माझे सासरे, अण्णा, कित्येक वर्षं जुनी नाणी जमवतायत. त्यातला राणीच्या छापाचा चांदीचा रुपया टेबलावर राहिला. मालवणहून राहायला आलेल्या माझ्या आईने तो चिंच आणि काथ्याने घासून लख्ख केला.

"रुपयो काळो पडललो, चिंच लावन घासलंय," म्हणत तिने तो कौतुकाने अण्णांच्या हातावर ठेवला.

नाणी जमवणाऱ्यांना तो काळसरपणाच मोलाचा असतो. आता त्यावर नुसते ओरखडे होते.

अण्णांनी रुपया उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "झकास चकाकतोय हो, विहीणबाई!"

नंतर मी त्यांना हळूच विचारलं, "सराफाकडे नेऊन काही होईल का?"

"काही करू नकोस गं. हात लावू तेवढा तो आणखी बिघडेल. काळा पडेल आपोआप, मी नाही तर नात बघेल."

त्यांनी रुपया अल्बममध्ये ठेवला आणि खाली लिहिलं, 'विहीणबाईंनी स्वतः घासला.'

आईने त्या पानाचा फोटो गावी सगळ्यांना पाठवलाय. तिला खरं सांगू, की राहू दे?