तात्यांचा बांध आणि गाजर गवत

अंथुर्ण्यात आमच्या तिघांचे बांध एकमेकांना लागून आहेत. तात्यांचा, आबांचा आणि माझा. त्यामुळे किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. त्यातले निम्मे तर गाजर गवताचेच!

हे गवत आलं तेही आमच्याच हौसेनं. तात्यांनी पणदऱ्याच्या एका गोठ्यावरून शेणखताची ट्रॉली आणली आणि शेजारधर्म म्हणून चार-चार पाट्या आम्हालाही दिल्या. जिथं खत पडलं, तिथं पावसाळ्यात गाजर गवताची पांढरी फुलं डोलायला लागली. आबा एवढंच म्हणाले, "खतात दम हाय."

*

तात्यांचा या गवताला हात लागला की कोपरापर्यंत खाज सुटते. पुण्याची नात सुट्टीला आली आणि तिनं नेमका याच फुलांचा गुच्छ करून आजोबांना दिला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वर वासही घेतला. मग आठ दिवस खाजवत होते, पण पोरीला कळू दिलं नाही.

डॉक्टर मात्र रागावले. बांधावर गवत आहे तोवर शेतात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं. जन्मभर वांग्यात राबलेला माणूस ओसरीवर बसून राहिला. मला फार वाईट वाटलं.

*

मी कृषी केंद्रातून बरणीभर भुंगे आणले. हे गाजर गवतच खातात, वांग्याला तोंड लावत नाहीत. तात्यांच्या बांधावर सोडले. चौथ्या दिवशी बघतो तर सगळे मेलेले आणि शेजारी आबा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन खुशीत उभे.

"तात्या घरी बसल्यात आन् बांधावर ही कीड. म्हटलं, मारून टाकू."

वर या उपकाराचा चहासुद्धा घेतला नाही!

*

दुसरी बरणी आणली तेव्हा राखणीला आबांनाच बसवलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की भुंगे टिपू नयेत म्हणून महिनाभर स्वतःच्या कोंबड्या डालून ठेवल्या. पावसाळा सरता सरता गवताच्या नुसत्या काड्या उरल्या आणि तात्या पुन्हा वांग्यात दिसायला लागले.

*

यंदा मधेच पावसानं ओढ दिली. सकाळी मी आणि आबा बांधावर गेलो, तर तात्या हातात रबरी मोजे घालून, तोंडाला उपरणं गुंडाळून, कोपऱ्यात उरलेल्या गाजर गवताला बादलीनं पाणी घालत होते. पानांवर दहा-बारा भुंगे बसलेले.

आबा म्हणाले, "तात्या, अवो ह्याच्यापायी तर तुमचं शेत सुटत हुतं."

तात्यांनी बादली खाली ठेवली.

"व्हय. पर आपल्या कामाला आल्याली माणसं हायती. त्यास्नी उपाशी कसं ठिवायचं?"