मामूंचे एकच गाणे

मी एका माणसाची कॅसेट चोरली, आणि त्या चोरीचा आळ दुसऱ्या माणसावर गेला तेव्हा गप्प बसलो. सत्तावीस वर्षे ही गोष्ट मी कोणालाही, घरातदेखील, सांगितली नाही. याच काळात शाळेत मी मुलांचे ‘सत्याचे महत्त्व’ या विषयावरचे निबंध तपासत होतो आणि शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघा ओढत होतो.

ज्यांची कॅसेट चोरली त्यांना सारे मामू म्हणत. बीड ते मांजरसुंबा या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चाले आणि तिच्यात एकच गाणे वाजे. एकच म्हणजे अक्षरशः एकच. बीडच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून त्यांनी कोऱ्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर तेच ते गाणे भरून घेतले होते. त्या दिवसांत टीव्हीवर गाजलेले ते हिंदी पॉप गाणे होते, सिनेमातले नव्हे. त्यातला तरुण मुलीकडे फार मागत नाही; बोलू नकोस, भेटू नकोस, फक्त खिडकी उघडी ठेव, एवढेच विनवतो. रोजचे आम्ही प्रवासी अंतर किलोमीटरांनी मोजत नसू. तिसऱ्यांदा खिडकी उघडायची विनवणी सुरू झाली की पाली आली आणि चौथ्यांदा झाली की घाट, हा आमचा हिशेब.

“मामू, दुसरं काही लावा की,” असे कोणी म्हटले, की ते आरशातून त्याच्याकडे बघत. “कावून? धा गानी लावली की मन धा जागी जातंय. एक लावलं की जाग्यावर ऱ्हातंय.”

जीपच्या अड्ड्यावर त्यांच्या मागच्या नंबरला अंकुशची जीप लागे. तो खिडकीत हात टेकून रोज छेडायचा, “काय मामू, उघडली का न्हाई बे तुझ्या त्या बाईनं खिडकी?”

“उघडली की! तवाच तर लगीन झालं माझं.”

“मग बंद कर ना गानं आता! एक दिवस तुझी कॅसेट पालीच्या तळ्यात फेकतो बघ.”

मग दोघे एकच चहा दोन बशांत वाटून पीत.

मामूंच्या जीपच्या मागच्या दाराला आतून कडी नव्हती. बारा-चौदा माणसे गुडघ्यात गुडघे घालून बसत आणि मामू बाहेरून अडसर सरकवीत. उतरायला कोणी नवखा दाराशी धडपडू लागला, की मामू पुढून सांगत, “आतून न्हाई उघडत ते. आवाज द्यायचा, मी येतो.”

मी तेव्हा मांजरसुंब्याच्या एका शाळेत शिक्षक होतो आणि पुढच्या सीटवर बसत असे. मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी, आमच्याच शाळेतल्या एक मॅडम बसत. त्या ते गाणे ओठांतल्या ओठांत गुणगुणत. दोन वर्षे मी त्यांच्याशी हजेरीपट आणि खडू यांपलीकडे एक शब्द बोललो नाही. परंतु गाणे सुरू झाले की ते मीच त्यांना म्हणतो आहे, असे मला वाटे. जाताना सहा वेळा, येताना सहा वेळा. एवढ्यांदा विनवल्यावर आपण काहीच बोललेलो नाही, याचाही मला विसर पडला होता.

एका सकाळी मॅडमनी जीपमध्ये पेढे वाटले. लग्न ठरले होते, मुलगा लातूरचा. शेवटचा पेढा माझ्या हातावर ठेवला तेव्हा गाणे चालूच होते. संध्याकाळी गाडी भरेपर्यंत मामू सवयीप्रमाणे पेन्सिलीने कॅसेट मागे गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, “सर, गानं बदलू का?”

ज्यांनी कोणासाठी गाणे बदलले नाही, ते माझ्यासाठी बदलायला निघाले होते. मी ताठपणे म्हणालो, “कशाला?”

मॅडम गेल्या, गाणे राहिले. आता रोज बारा वेळा ते मला, तू बोलला नाहीस, एवढेच सांगू लागले. कान झाकले तरी ऐकू येई. दुसऱ्या जीपमध्ये बसावे, तर मामूंना कारण काय सांगायचे? महिनाभर मी हे सोसले. मग एका संध्याकाळी मामू चहाला गेले असताना मी टेपचे बटण दाबले, कॅसेट काढली आणि पिशवीत जेवणाच्या डब्याखाली सरकवली.

मामूंनी बटण दाबले तेव्हा काही वाजले नाही. सीटखाली, टपावर, सर्वांच्या पिशव्यांभोवती त्यांनी शोधले. मीही वाकून शोधल्यासारखे केले. त्या दिवशी घाटात पहिल्यांदा इंजिनाचा आवाज ऐकू आला. पायथ्याशी एका पत्र्याच्या घरासमोर मामूंनी गाडी थांबवली, धावत आत गेले आणि घाईने परत आले.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर त्यांनी अंकुशची कॉलर धरली. “तळ्यात फेकली ना बे?”

“मामू, आईची आन! मी हात बी न्हाई लावला.”

“आन खाऊ नको. माझ्यासंगं च्या पिऊ नको इथून पुढं.”

मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडले नाही.

आठ दिवसांनी, संध्याकाळी परतताना मामू मला हळू आवाजात सांगू लागले. “सर, ते गानं माझ्यासाठी नव्हतं वो, घरवालीसाठी होतं. तिचा भाऊ ह्याच घाटात गेला, जीप घेऊन. तवापासून मी घाट उतरोस्तर तिच्या घशाखाली पानी उतरत न्हाई. माझी कॅसेट मागं तुटली होती. तिनंच नखाचं पॉलिश लावून जोडली. त्या जागी गानं उचकी दिल्यावानी अडतंय. घराम्होरं बरोबर ती जागा यावी म्हनून मी वरच गुंडाळून घेतो. उचकी ऐकली की ती चुलीवर तवा टाकती.”

“नवी भरून घ्या ना,” मी म्हणालो.

“भरली की. नवी गुळगुळीत हाय. तसलं गानं समदेच लावत्यात, हॉर्न बी समदेच वाजवत्यात. आता दारात उभी ऱ्हाती ती. उतरेल ती जीप बघती.”

त्यानंतर रोज ते दार आणि त्यातली ती बाई मी पुढच्या सीटवरून पाहिली. कॅसेट सीटखाली टाकून देणे सोपे होते. परंतु त्या सीटवर रोज मीच बसतो, हे सर्वांना ठाऊक होते. उद्या सांगू, म्हणत उन्हाळा गेला. जूनमध्ये तलवाड्याला बदली झाली आणि मी सुटलो, असे मला वाटले. कॅसेट कपाटात, जुन्या पाठ्यपुस्तकांमागे ठेवली. घरात कोणी ते कपाट आवरायला घेतले, की मी उठून जवळ जाऊन उभा राहत असे.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने मोबाइलवर तेच गाणे लावले. पुन्हा पुन्हा तेच वाजत राहावे, अशा बेताने. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी ओळखले. मी उचकीची वाट पाहत होतो. ती जागा आली, आणि गाणे सरळ पुढे निघून गेले.

रविवारी दुपारी मी पालीच्या पुढे उतरलो. रस्ता आता चौपदरी झाला आहे. रुंदीकरणात घराची पुढची खोली गेली. मामी ज्या दारात उभ्या राहत, त्या दाराच्या जागेवरून आता ट्रक धावतात. मामू मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मामी शिलाई मशीनवर होत्या. मी कॅसेट पुढे ठेवली आणि जे घडले ते सांगितले.

मामूंनी ती उलटसुलट करून पाहिली. करंगळी चाकात घालून एक फेरा दिला. मग म्हणाले, “मी इचारलं होतं तुमाला, गानं बदलू का म्हनून. तवाच हो म्हनायचं होतं, सर.”

मामींनी कॅसेट हातात घेतली. “घाट से जो भी जीप उतरती, मैं उठती थी,” त्या म्हणाल्या. “मशीन पे काम नहीं होता था.” आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मामूंनी उशीखालून मोबाइल काढला. “अंकुशला मयतीत, लग्नात भेटतो मी. पन त्या दिसापासून एक च्या घेतला न्हाई आमी.” त्यांनी नंबर लावला. “अंकुश? आरं, सरांना बोलायचंय तुझ्याशी.” मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, “मोठ्यानं बोला. त्याला कमी ऐकू येतंय आता.”

आयुष्यभर मी हळू बोलत आलो. त्या खोलीत, रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून मी म्हणालो, “अंकुशराव, मामूंची कॅसेट मी चोरली होती. आळ तुमच्यावर आला तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा. मामू, मामी, तुम्हीही मला माफ करा.”