एमेची जागा

सेराफीनच्या फडताळात जेनेपीची, त्याच नावाच्या डोंगरी वनस्पतीच्या घरगुती दारूची, शेवटची बाटली उरली होती, तीही तळाशी बोटभर. नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याच्या, एमेच्या, वर्षाची चर्चमधली मिस्सा. ती आटोपून सगळे घरी येणार, आणि या वरच्या गावात ज्या घरी पाहुण्याला घरची जेनेपी मिळत नाही, त्या घराचा कर्ता गेला असं लोक धरून चालतात. तो गेला होताच. पण ते चारचौघांत असं दाखवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

करण्यात काही अवघड नव्हतं. जेनेपीच्या करड्या, कडू काड्या सावलीत वाळवायच्या. चाळीस काड्या, साखरेचे चाळीस खडे, लिटरभर कडक दारू, चाळीस दिवस अंधारात. तिच्या आजेसासूच्या काळी पोटदुखीवर चमच्याने देत. पुढे लोकांना पोट दुखायची वाट बघवेना, एवढंच. पण काड्या आणायच्या कुठून? कड्यावरची जागा ठाऊक फक्त एमेला. इथला माणूस एकवेळ शेत लिहून देईल, जेनेपीची जागा सांगणार नाही. सांगितलीच तर मरताना, मुलाला. या दोघांना मूल नव्हतं, आणि छातीच्या दुखण्यात एमेला बोलायला श्वास पुरला नाही. एवढ्या संसारात त्याने बायकोलाही सांगू नये, हे तिला फार लागलं होतं. जेवताना ती एकटीच त्याच्याशी भांडे, आणि भांडण जिंकूनही घास उतरत नसे.

ऑगस्टअखेरच्या एका दुपारी शेजारचा आन्सेल्म आला. कुरणाच्या बांधावरून त्याचं नि एमेचं जन्मभर वाकडं. त्याने टेबलावर रुमाल सोडला. आत कात्रीने कापलेली जेनेपी होती, एकाही काडीला मूळ नाही; झाड पुन्हा फुटावं अशी.

"एमेच्या जागेवरची आहे."

"तुला ठाऊक होती?"

"त्यानेच सांगितलेली. पडलाच कधी, तर कुठे शोधायचं हे कुणाला तरी माहीत पाहिजे ना. मी कधी हात लावला नाही तिथे."

"म्हणजे माझ्यापेक्षा तू जवळचा."

"तसं नाही गं. म्हणायचा, हिला सांगितलं तर ही मागोमाग कडा चढेल. दोघंही गेलो तर घरात कोण?"

इतक्या महिन्यांचा राग निवळला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही. ते जास्त वाईट होतं.

"मग आता आहे कोण घरात?" तिने विचारलं.

आन्सेल्मने टोपी हातात फिरवली. गाई दोहायची वेळ झाली म्हणत तो निघाला. सेराफीन काड्या मोजायला बसली, अर्ध्यावर चुकली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.