अकरा महिन्यांचा गाळा

सोसायटीत कुणाकडे सुकट भाजली की लोक खिडक्या लावून घेतात; मला मात्र पाच वर्षांचं ॲग्रीमेंट आठवतं. उलव्यात आम्ही कॉफीच्या दुकानाची फ्रँचायझी घेणार होतो. कंपनीचा करार पाच वर्षांचा, मधेच दुकान बंद केलं तर भरलेली फी बुडाली. गाळ्याचं ॲग्रीमेंट मात्र मी सवयीने अकरा महिन्यांचं ठरवून बसलो होतो, भाड्याच्या घराचं सगळेच करतात तसं. कंपनीत सही करायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "अकरा महिन्यांनी मालकांनी उठवलं, तर कॉफी काय गच्चीत विकायची?" म्हणून आम्ही दोघं मालकांकडे गेलो. जुन्या गावातले ते आजोबा ओटीवर बसले होते, आत सुकट भाजत होती. पाच वर्षांचा रजिस्टर करार म्हणताच त्यांनी मान हलवली. "आमच्या बापानं एकदा कागदावर अंगठा केला, शेती गेली ती गेलीच. कागद अकरा म्हैन्यांचाच. पन मी हाय तवर तुमाला कोन उठवनार नाय." बायकोने मला हळूच चिमटा काढला. पण त्यांच्या ओटीवर, त्यांचाच चहा पिताना 'हे लिहून द्या' म्हणायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी मी कंपनीत सही करून आलो. आजोबांना कुणी खोटं म्हटलेलं मला आजही चालत नाही. ते होते तोवर आम्हाला कुणीच उठवलं नाही. तेरावं झाल्यावर मुलांनी गाळा मागितला, तेव्हा कंपनीच्या कराराची तीन वर्षं बाकी होती.