उजवीकडे न वळणारे मामंजी

नाशकात उजव्या हाताला काही आहे, हेच आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात मान्य केलं नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. देव मानत, होमिओपॅथी मानत, ज्योतिष आपल्या सोयीचं निघालं तर मानत; उजवं वळण मात्र मुळीच मानत नसत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर, नंबर लावून कित्येक वर्षांनी मिळालेली स्कूटर दारात आली, तेव्हा तिला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून झाल्यावर त्यांनी घरच्यांना समोर उभं करून जाहीर केलं, "आपली गाडी सरळ जाईल. डावीकडे वळेल. उजवीकडे वळणार नाही. उजवीकडे वळणं म्हणजे समोरच्याच्या ताटात हात घालणं." सासूबाईंनी विचारलं, "आणि जायचंच असेल उजवीकडे, तर?" "तर तीनदा डावीकडे वळायचं. माणूस बरोबर उजवीकडेच येतो. हिशेब आहे तो!" सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर पाटाच्या पाण्याबरोबर राहिले, आता पाण्यासारखेच सापडेल त्या वाटेने वाहणार," आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या.

त्या दिवसापासून आमचं नाशिक निम्मंच उरलं. ज्या शिंप्याने मामंजींचे कोट तीस वर्षं बिघडवले, तो उजव्या हाताला निघाला म्हणून सुटला. डाव्या हाताच्या एका नव्या शिंप्याला बिघडवायची संधी मिळाली. डॉक्टर बदलले. किराणा बदलला. सासूबाईंची सख्खी मावसबहीण रस्त्याच्या नको त्या बाजूला राहायची, तिच्याकडची हळदीकुंकवं टांग्यावर आली. फक्त रविवार कारंजाच्या चौकात मामंजी खुलायचे. तिथे वळावं लागत नाही, गोल फिरावं लागतं. "बघ सूनबाई, देवाला प्रदक्षिणा घालतो तसंच आहे. मधलं उजव्या हाताला ठेवायचं आणि फिरत राहायचं. सगळ्या शहरात कारंजी हवी होती." एकदा एवढ्या भक्तिभावाने फिरले, की बाहेर पडायचा रस्ता दोनदा मागे गेला. तिसऱ्या फेरीला फुलवाली मला म्हणाली, "बाई, नवस हाय का?"

माझं लग्नही त्या डाव्या हातानेच जमलं. मला पाहायला आले तेव्हा मी सुधारस केला होता, डोळ्यांत काजळ घातलं होतं, आणि होकार आला तेव्हा माझी खात्री होती, की एक तर सुधारसाने काम केलंय नाहीतर डोळ्यांनी. बरीच वर्षं मी त्या डोळ्यांवर सूनपण रेटलं. मग एकदा सासूबाई भाजी निवडता निवडता बोलून गेल्या, "तुझ्याआधी एक पाहिली होती. गोरी होती, पेटी वाजवायची. पण घर पडलं उजव्या अंगाला. हे म्हणाले, व्याह्यांकडे जन्मभर वळसे कोण घालणार?" झालं. एवढं माझं सौंदर्य. जाताना माझं माहेर डाव्या हाताला यायचं खरं, पण तिथून परत निघताना मामंजी मला अर्ध्या गावातून, पार गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, फिरवून आणायचे. माहेर पाच मिनिटांवर आणि सासर अर्ध्या तासावर, अशी नाशकातली मी एकटीच सून असेन.

आता त्या काळातली मी कशी होते, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळा तऱ्हेवाईकपणा मामंजींकडेच होता. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार. सातपूरच्या एका कारखान्यात मला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती, तीही टेंपररी, पण माझा थाट असा, की कारखाना माझ्या 'हॅलो'वरच चालतो. नायलॉनची साडी, डोळ्यांवर ताटलीएवढा गॉगल, खांद्याला पर्स, पर्समध्ये फक्त एक कंगवा आणि एक पेरू. अशा आधुनिक बाईने कामावर कसं जावं? तर काळी टोपी घातलेल्या सासऱ्याच्या मागे, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर डबा घेऊन. कारखान्याची बस होती, पण ती पर्मनंट लोकांसाठी. सिटी बसला लोंबकळायचं तर गॉगल पडला असता. आमचे हे ओझरला नोकरीला, ते उजाडताच निघून जायचे. तेव्हा मामंजी म्हणाले, "मी सोडेन. सून आहे, पार्सल नाही, की कुणाबरोबरही पाठवलं." मला सगळं मान्य होतं, फक्त रोज सकाळी देवापुढे एकच मागणं होतं: देवा, मला पर्मनंट कर आणि या स्कूटरवरून उतरव.

कारखान्यांच्या वेळेला त्र्यंबक रोड ज्यांनी पाहिला नाही, त्यांना पूर म्हणजे काय ते पाण्यातच पाहावं लागेल. सायकलीच सायकली. प्रत्येक हँडलला डबा, प्रत्येक कॅरियरवर आणखी एक माणूस. त्यांच्यातून मोटारसायकली, कारखान्यांच्या बसगाड्या, त्र्यंबकला निघालेली एसटी, तिच्या खिडक्यांतून बाहेर आलेली यात्रेकरूंची डोकी, मधे एखादी म्हैस, जिला कसलीच पाळी गाठायची नसे. आणि या सगळ्याच्या डाव्या कडेने, मुंगीला मागे टाकणार नाही अशा बेताने आमचे मामंजी. हॉर्न वाजवत नसत. "हॉर्न म्हणजे ओरडणं. घरात ओरडत नाही, रस्त्यावर का ओरडू?" ते बोलत. सायकलवाल्याला म्हणत, "अहो, जरा आत घ्या." ट्रकला म्हणत, "या, या, तुम्ही आधी." म्हशीलाही अहोजाहो करत. हँडलवरचा हात मात्र कधी सोडत नसत. "आपण एक हात सोडला, की गाडीला वाटतं आपल्यालाच सोडलं." त्यामुळे वळताना हात दाखवायची भानगड नव्हती. डावीकडे वळायचं असलं की तोंडानेच, आरतीच्या सुरात, पुकारा करायचे, "डावीकडे जातोय होऽऽ!" गॉगलाआड मी डोळे मिटून घ्यायची. आपल्याला दिसलं नाही की आपणही लोकांना दिसत नाही, असा माझा समज होता.

माझ्या कारखान्याचा फाटा अर्थातच उजव्या हाताला होता. म्हणजे रोज सकाळी फाटक समोर दिसायचं, रखवालदार मला सलाम करायचा, आणि मी त्याच्यासमोरून तशीच पुढे निघून जायची. पुढे डावीकडे एक गल्ली होती, तीत लहान लहान वर्कशॉपं. त्या गल्लीत डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, की आमच्या फाट्याच्या बरोबर समोर निघता यायचं. तिथून मामंजी तोच भरलेला त्र्यंबक रोड सरळ ओलांडत. मी म्हणायची, "मामंजी, गाड्या तर त्याच आहेत." "असतील. पण आता आपण वळत नाही, आपण जातोय." यावर वाद घालता येतो का? मी ग्रॅज्युएट होते, मलाही आला नाही.

हा वळसा मला महागात पडत होता. दोनदा उशीर झाला. साहेबांनी बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "महिनाअखेरीला तुमचा कागद वर जातोय, बाई. पण आता एकदा जरी भोंगा झाल्यावर आलात, तर दुसऱ्या दिवशी यायचा त्रास घेऊ नका." घरी सासूबाई आधीच माझ्यासाठी पापडाच्या पिठाचा डबा घासून तयार ठेवून होत्या, नोकरी चार दिवसांची हौस आहे, अशी त्यांची खात्री. मी मामंजींना साहेबांचं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते चहा अर्धा टाकून लवकर निघाले, एवढंच.

आणि नेमकी त्याच दिवशी गल्ली बंद. आम्ही डावीकडे वळलो तर समोर कांद्याचा ट्रक, भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवा. वर्कशॉपच्या दारातच बसकण मारलेली. ड्रायव्हर सटाण्याकडचा, चाकापाशी, मोडलेल्या स्प्रिंगसमोर उकिडवा बसून विडी ओढत होता. मामंजी म्हणाले, "अहो, जरा आत घ्या." तो म्हणाला, "कोठे लेऊ आत, बाबा? पाटा तुटी गया. रस्ता बंद शे."

मामंजींनी गाडी पायाने ढकलत फिरवली, त्यातच लवकर निघाल्याची मिनिटं संपली, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. समोर पूर वाहतोय. डावीकडे वळलं, तर त्र्यंबकेश्वरापर्यंत सुखाने जाता आलं असतं. उजवीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, आमचा फाटा. इतक्यात पहिला भोंगा झाला. म्हणजे दुसऱ्या भोंग्याला फाटक बंद. मला रडू यायला लागलं. गॉगल घालून रडलं की आतून धुकं धरतं, हे त्या दिवशी कळलं.

"मामंजी, मी उतरून पळत जाते."

"त्या साडीत? गप बैस." मग एखाद्याने अंगठी गहाण ठेवावी तशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, आज वळावं लागणार. मी हँडल सोडणार नाही. तू उजवा हात दाखव. चांगला लांब!"

मी उजवा हात काढला, चांगला लांब. आता तुम्ही म्हणाल, यात काय कठीण आहे? एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला विचारा. माझं तोंड डावीकडे, पाठ उजवीकडे. मी उजवा हात लांब केला तो रस्त्याकडे गेलाच नाही, सरळ पुढे गेला आणि मामंजींच्या टोपीवर बसला. टोपी उडाली. दोन कोलांट्या घेऊन भर त्र्यंबक रोडवर, सायकलींच्या मधोमध जाऊन पडली.

मामंजींची टोपी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी घरातसुद्धा मी त्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. टोपीशिवाय ते घराबाहेर पडत ते फक्त कुणाच्या मयताला.

पहिल्या सायकलवाल्याने टोपी पाहिली आणि करकचून ब्रेक लावला. "अरे टोपी, टोपी! म्हाताऱ्या बाबांची टोपी हाय!" त्याच्या मागचा थांबला. त्याच्या मागचे दहा थांबले. पलीकडून कुणी ओरडलं, "रुको रे, चाचा की टोपी गिरी है!" बस थांबली. एसटी थांबली. रोज भोंग्यामागे ऊर फुटेस्तोवर धावणारी ती सगळी माणसं, एका म्हाताऱ्याच्या टोपीवर चाक जाऊ नये म्हणून जागच्या जागी पाय टेकून उभी राहिली. हॉर्नने, शिट्टीने, हात दाखवून जे कधी झालं नसतं, ते झालं. मधे एवढी मोठी वाट पडली, की वरात काढली असती.

एकाने टोपी उचलून झटकली आणि पुढे धरली. "बाबा, घ्या."

"राहू दे तुझ्याकडे!" मामंजी ओरडले. हो, ओरडले. "पोरीचा भोंगा होईल!" आणि उघड्या डोक्याने, दोन्ही हात हँडलला घट्ट, मामंजी उजवीकडे वळले. वाऱ्यावर त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. केस होते त्यांना! भरपूर होते. मी तर टक्कलच धरून चालले होते.

फाटकातून मी आत शिरले आणि दुसरा भोंगा झाला. टोपी थोड्या वेळाने रखवालदाराने आणून दिली. दिवसभर ती माझ्या टेलिफोनच्या बोर्डाशेजारी बसून होती आणि मी तिच्यासमोर फार अदबीने हॅलो म्हणत होते. मामंजी तसेच घरी गेले. उघड्या डोक्याने दारात उभा राहिलेला नवरा पाहून सासूबाईंच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली पडलं. "अगं बाई! अहो, कोण गेलं?"

"मीच गेलो," मामंजी म्हणाले. "उजवीकडे."

महिनाअखेरीला मी पर्मनंट झाले. पापडाचा डबा सासूबाईंनी मुकाट्याने वर ठेवला. मामंजींना वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "बरं झालं. आता बसने जा. मोठ्या गाडीला उजवीकडे वळायला भीती नसते." मी खूश. इतकी खूश, की त्या रात्री साडी आणि गॉगल उशाशीच ठेवून झोपले.

आता त्या रस्त्यांवर मधोमध दुभाजक आले, आग्रा रोडवर लांबच लांब उड्डाणपूल आला. उजवीकडे वळायची सोयच काढून टाकली आहे. नातू गाडी चालवताना चिडतो, "आजी, समोर दिसतंय ते हॉटेल, आणि एवढं पुढे जाऊन वळून यायचं?" मी म्हणते, "बाळा, तुझे पणजोबा हे फुकट करत होते. सरकारला फार उशिरा सुचलं."

पण मला आठवतो तो बसचा पहिला दिवस. मी खिडकीशी ऐटीत बसले होते. नेहमीचा पूर, नेहमीचा फाटा. उजवीकडे वळण्यासाठी बस रस्त्याच्या मधोमध अडली. मी सहज डावीकडच्या खिडकीतून पाहिलं, तर त्या वर्कशॉपच्या गल्लीच्या तोंडाशी मामंजी. घरी सांगून निघाले होते, प्लग साफ करून आणतो. टोपी डोक्यावर घट्ट. स्कूटर स्टँडवर लावलेली, इंजिन बंद. तरीही ते तिच्यावर बसून होते, डावा हात हँडलवर. आणि उजवा हात त्यांनी बाहेर काढला होता, चांगला लांब.

बस वळली. ते आमच्याकडे पाहत नव्हते, मागून येणाऱ्या सायकलींकडे पाहत होते. बस पूर्ण आत शिरेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.